मनगटावरचा कॅलरीचा आकडा: घड्याळ कसं बांधायचं, कसं तपासायचं, किती मानायचं

स्मार्टवॉच किंवा फिटनेस बँड कॅलरी थेट मोजत नाही. ते हाताची हालचाल आणि नाडीचे ठोके टिपतं आणि तुम्ही ॲपमध्ये भरलेलं वय, वजन, उंची धरून कॅलरींचा अंदाज बांधतं. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ६० जणांवर सात वेगवेगळी घड्याळं तपासली. सातपैकी सहा घड्याळांचे ठोके ५ टक्क्यांच्या आत बरोबर निघाले. कॅलरींच्या बाबतीत मात्र त्यातलं सगळ्यात चांगलं घड्याळसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. तेव्हापासून सेन्सर सुधारले आहेत, पण ठोक्यांवरून कॅलरी काढण्यातली मूळ अडचण तीच आहे: दोन माणसांचे ठोके सारखे असले तरी त्यांचा खर्च सारखा नसतो.

म्हणून घड्याळ निरुपयोगी ठरत नाही. एकाच माणसाच्या हातावर, एकाच पद्धतीने बांधलेलं घड्याळ साधारण एकाच दिशेने चुकतं, आणि ती चूक किती हे घरच्या घरी काढता येतं. त्याची रीत पुढे दिली आहे. त्याआधी घड्याळाला नीट माहिती देणं आणि ते नीट बांधणं आलं, कारण निम्मे घोळ तिथेच होतात.

आधी हे ओळखा: आकडा एकूण की फक्त हालचालीचा?

आपण दिवसभर नुसतं पडून राहिलो तरी शरीर कॅलरी खर्च करतच असतं. हृदय, मेंदू, यकृत, श्वास यांचा हा मूळ खर्च, म्हणजे बीएमआर. बहुतेकांच्या दिवसभराच्या खर्चात याचाच वाटा ६० ते ७० टक्के असतो. अन्न पचवायला साधारण १० टक्के जातात. उरलेला खर्च हालचालीचा.

फिटबिटच्या ॲपमधला दिवसाचा आकडा मध्यरात्रीपासून सुरू होतो आणि त्यात मूळ खर्च धरलेला असतो, म्हणून सकाळी उठताच तिथे तीन-चारशे कॅलरी दिसतात. ॲपल वॉचची लाल रिंग फक्त हालचालीच्या कॅलरी दाखवते. गार्मिन दोन्ही वेगवेगळे दाखवतं. दोन मैत्रिणी बडोद्याच्या कमाटीबागेत एकत्र चालून आल्या आणि एकीच्या घड्याळात दिवसाचे १,९०० दिसले, दुसरीच्या ४२०, तर दोन्ही बरोबर असू शकतात. तुमचं घड्याळ काय दाखवतं हे कळत नसेल तर सकाळी डोळे उघडताच आकडा बघा. शंभराच्या आत असेल तर तो हालचालीचा, शेकड्यांत असेल तर एकूण.

मूळ खर्चाचा पडताळा

मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९० सालचं सूत्र आजही सर्रास वापरलं जातं. वजन किलोत घेऊन १० ने गुणा, त्यात उंची सेंटिमीटरमध्ये ६.२५ ने गुणून मिळवा, त्यातून वयाची पाचपट वजा करा. पुरुषांनी शेवटी ५ मिळवायचे, बायकांनी १६१ वजा करायचे.

समजा वय ४२, उंची १५८ सेंमी, वजन ६४ किलो असलेली बाई आहे. ६४० अधिक ९८७.५, वजा २१०, वजा १६१, म्हणजे साधारण १,२५७ कॅलरी. तासाला ५२ पडतात. तिचं घड्याळ एकूण कॅलरी दाखवणारं असेल, तर मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंतच्या झोपेचा आकडा ३१५ च्या आसपास यायला हवा. थोडा कमी आला तरी ठीक, कारण झोपेत खर्च जरा उतरतो. पण ४०० च्या वर गेला किंवा २०० वरच अडकला, तर प्रोफाइलमध्ये काहीतरी चुकीचं भरलंय असं समजा. नेहमीच्या चुका तीन: वजनाचं एकक पाउंडवर राहिलेलं, जन्मसाल घाईत भलतंच टाकलेलं, किंवा दोन वर्षांपूर्वीचं वजन तसंच पडून राहिलेलं. चालण्याचा खर्च सरळ वजनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वजनात दोन किलोंचा फरक पडला की ॲपमध्ये बदला.

अशी सूत्रं आपल्याकडच्या लोकांसाठी थोडा जास्तच आकडा देतात, हेही लक्षात असू द्या. ज्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त, त्यांच्या बाबतीत फरक आणखी वाढतो.

बांधायचं कसं

घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. हा बारीकसा चढउतार मोजून ठोके काढले जातात. बाहेरचा उजेड आत शिरला किंवा घड्याळ हातावर हललं, की हिशोब बिघडतो.

एरवी मनगटाच्या वर आलेल्या हाडापासून एक बोट कोपराकडे बांधा. व्यायामाच्या वेळी दोन-तीन बोटं वर सरकवा आणि पट्टा एक भोक घट्ट करा. घड्याळ धरून हलवलं तर खालची कातडी सोबत हलली पाहिजे, घड्याळ कातडीवरून घसरता कामा नये. व्यायाम संपला की पुन्हा सैल करा, नाहीतर घामाने पुरळ उठतं.

ज्या हाताने जास्त कामं करत नाही त्या हातात घाला आणि ॲपमध्येही तोच हात निवडा. पाटल्या, बांगड्या, कडं त्याच हातात असतील तर ते घड्याळावर आपटतात आणि प्रत्येक धक्क्याला सेन्सर उचलला जातो. दागिने दुसऱ्या हातात घाला. मनगटावर गोंदण असेल तर तिथे घड्याळ बांधू नका, शाई प्रकाश अडवते. अभ्यंगाचं तेल, टाल्कम पावडर, सनस्क्रीन यांचा थर काचेवर बसतो. दोन-तीन दिवसांनी साध्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पाठ पुसून कोरडी करा.

जानेवारीच्या सकाळी गारव्यात बाहेर पडलात तर पहिली दहा मिनिटं ठोक्यांवर फार विसंबू नका. कातडीतलं रक्त आटलेलं असतं, सेन्सरला पकडायला काही मिळत नाही. घरातच पाच मिनिटं हात-पाय हलवून निघालात तर बराच फरक पडतो.

कॅलिब्रेशनचं चालणं

तुमच्या पावलाची लांबी घड्याळाला शिकवावी लागते. त्यासाठी सपाट, उघड्यावरची जागा हवी. कमाटीबाग चालायला फार छान, पण दाट झाडांखाली जीपीएसची रेघ इकडे तिकडे भरकटते. मांडवीच्या गल्ल्यांत उंच भिंतींमुळे तेच होतं. शाळा-कॉलेजचा ४०० मीटरचा ट्रॅक मिळाला तर उत्तम. सगळ्यात आतल्या लेनमध्ये दहा फेऱ्या म्हणजे ४ किलोमीटर.

घड्याळात ‘आउटडोअर वॉक’ सुरू करा, जीपीएस पकडेपर्यंत जागेवर थांबा, मग नेहमीच्या वेगाने हात मोकळे सोडून निदान २० मिनिटं चाला. आयफोन आणि ॲपल वॉच असेल तर फोनच्या लोकेशन सर्व्हिसेसमध्ये, सिस्टिम सर्व्हिसेसखाली ‘मोशन कॅलिब्रेशन अँड डिस्टन्स’ चालू आहे ना ते आधी बघा. ते बंद असेल तर कितीही चाला, घड्याळ काही शिकत नाही. स्वतःचं जीपीएस नसलेले बँड फोनचं जीपीएस वापरतात, तेव्हा फोन खिशात हवा आणि ब्लूटूथ चालू हवं.

आता आकडा तपासा. ताशी साधारण ४.८ किलोमीटर वेगाने सपाटीवर चालताना दर किलो वजनाला दर किलोमीटरमागे पाऊण कॅलरीच्या जरा खाली एकूण खर्च होतो. त्यातला मूळ खर्च वगळला तर अर्धी कॅलरी. ६४ किलोच्या बाईला ४ किलोमीटरला एकूण १८५ ते १९०, आणि निव्वळ चालण्याचे १३० ते १३५. घड्याळ २०० दाखवत असेल तर छानच. ३०० दाखवत असेल तर पट्टा, प्रोफाइल किंवा ठोके, यातलं एक काहीतरी बिघडलंय.

ठोक्यांचा पडताळा बोटांनी घ्या. चालून थांबलात की लगेच दुसऱ्या हाताच्या मनगटावर किंवा गळ्याजवळ नाडी धरा, १५ सेकंद मोजा, चारने गुणा. पाच-सातचा फरक चालतो. धावताना घड्याळ एकदम १६५-१७० ठोके दाखवू लागलं आणि तुम्ही मात्र आरामात बोलू शकताय, तर ते तुमची पावलं ठोके म्हणून मोजतंय. धावण्याची लय मिनिटाला १६० ते १८० पावलांची असते, म्हणून ही गल्लत होते. थांबा, पट्टा वर सरकवून घट्ट करा, अर्धं मिनिट उभे राहा. पुन्हा पुन्हा होत असेल तर छातीवरचा पट्टा घ्या. तो हृदयाचा विद्युत संकेत टिपतो, त्यामुळे हाताच्या हालचालीशी त्याचा संबंध येत नाही.

दिवसभरात कुठे जास्त, कुठे कमी

आपल्या रोजच्या दिनक्रमात घड्याळ ठराविक जागी फसतं, आणि या जागा माहीत असल्या की आकड्यांवरून गोंधळ उडत नाही.

खडबडीत रस्त्यावर स्कूटर चालवताना हँडलचे हादरे पावलं म्हणून मोजले जातात. अलकापुरीहून दांडिया बाजारात येईपर्यंत दोन-चारशे पावलं ‘चालून’ झालेली दिसली तर नवल नको. काही घड्याळं स्कूटरलाच सायकलिंग समजतात. ॲपमध्ये ती नोंद पुसून टाका. पोळ्या लाटताना, ताक घुसळताना हाताच्या तालबद्ध हालचालीला पावलं पडतात. उलट, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन, नातवाचा हात धरून किंवा ट्रॉली ढकलत चाललात तर हात हलत नाही आणि पावलं गळतात. केर काढणं, फरशी पुसणं ही खरी मेहनतीची कामं, पण झाडू उजव्या हातात आणि घड्याळ डाव्या, म्हणून घड्याळाला त्यातलं थोडंच दिसतं. तास-दीड तासाची सफाई असेल तर सरळ वर्कआउट सुरू करून टाका, म्हणजे ते सतत ठोके घेत राहील.

उन्हाळ्याचं वेगळं. पारा ४० च्या वर गेला की शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळतं आणि तेवढ्याच वेगाने चालताना ठोके १०-२० ने वाढतात. घड्याळ त्याला मेहनत समजतं आणि कॅलरी चढवतं. खर्च फारसा वाढलेला नसतो. ताप, कडक चहा-कॉफी, चिंता, कमी झोप यांचाही परिणाम तसाच. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांचं उलट होतं. ठोके दबलेले राहतात आणि घड्याळ कमी कॅलरी दाखवतं. त्यांनी ठोक्यांपेक्षा अंतर आणि वेळ यांवर हिशोब ठेवावा, आणि ठोक्यांची पातळी किती असावी हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

सूर्यनमस्कार, दंड, मल्लखांब यांत मनगट मागे वळतं, पट्ट्यावर दाब येतो आणि सेन्सर आंधळा होतो. मल्लखांबावर तर घड्याळ काढूनच ठेवा. मनगटाला लागेल ते वेगळंच. वजनं उचलतानाही स्नायू आवळले की ठोके वाढतात, पण प्राणवायूचा वापर त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून आकडा फुगतो.

गरबा

बडोद्यात नवरात्रीत सगळ्यात जास्त चर्चा याच आकड्यांची होते, आणि सगळ्यात जास्त फुगलेले आकडेही हेच. टाळीचा प्रत्येक धक्का मनगटावर बसतो, घामाने घड्याळ घसरतं, भोवती हजारो माणसांची ऊब, वर उत्साह. त्यातून ठोके वाढतात ते सगळे मेहनतीचे नसतात.

घड्याळ हाडापासून तीन बोटं वर, घट्ट. कापडी किंवा वेलक्रोचा पट्टा सिलिकॉनपेक्षा बरा, तो घामात घसरत नाही. मोड ‘डान्स’ निवडा. नसेल तर ‘अदर’ किंवा ‘कार्डिओ’. ‘आउटडोअर रन’ अजिबात नको, वर्तुळात फिरताना जीपीएस भलतंच अंतर देतं. मैदानात शिरताना नाही, वर्तुळात पाऊल टाकताना सुरू करा. मध्यंतरात, फोटो काढताना, मैत्रिणीची वाट बघताना थांबवा. दांडिया असेल तर घड्याळ शक्यतो दुसऱ्या हातात; टिपरीचा फटका काचेवर बसला की काचेचा निकाल लागतो.

नृत्याच्या वेगवेगळ्या प्रकारांना बसून राहण्याच्या साधारण साडेचार ते सातपट ऊर्जा लागते. दर किलोला तासाला तेवढ्या कॅलरी धरा. ६० किलोच्या माणसाने खरोखर दीड तास गरबा केला, तर सव्वाचारशेच्या थोडं अलीकडून सव्वासहाशेपर्यंत. हळू, दोन टाळ्यांच्या गरब्यात खालच्या बाजूला, शेवटच्या वेगवान फेऱ्यांत वरच्या. घड्याळ तीन तासांचे १,२०० दाखवत असेल तर त्यात उभं राहण्याचा वेळ किती, ते आधी बघा. घरी येऊन काट्यावर दीड किलो कमी भरलं तर ते पाणी आहे, सकाळपर्यंत परत येतं. लिंबू-सरबत प्या आणि त्या आकड्यावर खूश होऊ नका.

आणखी एक: गरबा रात्री १२ च्या पुढे लांबला, तर घड्याळात तारीख बदलते आणि त्या रात्रीचा खर्च दोन दिवसांत विभागला जातो. नवरात्रीत रोजचा आकडा न बघता वर्कआउटची स्वतंत्र नोंद बघा.

पावागड

बडोद्याजवळच्या पावागडाच्या डोंगरासारख्या चढाईसाठी दाबमापक असलेलं घड्याळ लागतं. हवेचा दाब कमी झाला की ते उंची वाढली असं मानतं आणि सुमारे ३ मीटरला एक मजला धरतं. पडताळा सोपा आहे. ७० किलोच्या माणसाला १०० मीटर उंची चढायला, अंगाची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर, सुमारे ६५ कॅलरी लागतात. पायऱ्यांवर ३०० मीटर चढलात तर नुसत्या उंचीचे २०० च्या आसपास. पाठीवर सामान असेल तर त्याचंही वजन धरा. उतरताना पावलं तेवढीच पडतात, खर्च मात्र बराच कमी असतो. फक्त पावलांवर चालणारा स्वस्त बँड हा भेद करत नाही. रोपवेने जाणार असाल तर तो सुरू होतो त्या माचीलाच वर्कआउट थांबवा, कारण वर जाताना दाब कमी होतच असतो. पावसाळी हवेतही दाब बदलतो, म्हणून खाली पोहोचल्यावर घरी बसल्या बसल्या दोन-तीन मजले ‘चढलेले’ दिसू शकतात.

तुमचा स्वतःचा गुणक काढा

आता मुख्य काम. याला पाच आठवडे लागतात, आणि नवरात्री, दिवाळीचा फराळ किंवा श्रावणातले उपास या काळात ते सुरू करू नका.

रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर वजन घ्या. रोजचं खाणं एकाच ॲपमध्ये लिहा. तेल चमच्याने मोजा. १५ मिलिलिटरचा मोठा चमचा म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, आणि बहुतेकांच्या नोंदीतून नेमकं हेच सुटतं. घड्याळाचा दिवसाचा एकूण आकडाही लिहा. घड्याळ फक्त हालचालीच्या कॅलरी दाखवत असेल तर त्यात बीएमआर मिळवा. चार्जिंग आंघोळीच्या किंवा टीव्हीच्या वेळी उरका, म्हणजे चालण्याचा वेळ सुटणार नाही.

पहिल्या आठवड्याच्या सात वजनांची सरासरी आणि पाचव्या आठवड्याची सरासरी घ्या. या दोन्हींत अंतर २८ दिवसांचं पडतं. बायकांसाठी हे महत्त्वाचं, कारण पाळीच्या आधी अंगात पाणी साठून वजन किलो-दीड किलोने वाढू शकतं, आणि पाळी २८ दिवसांच्या आसपास असेल तर दोन्ही आठवडे चक्रातल्या एकाच टप्प्यावर येतात. नुकतंच डाएट सुरू केलं असेल तर पहिला आठवडा हिशोबात धरू नका, त्यात पाणीच जास्त जातं.

समजा सरासरी वजन ८०० ग्रॅम उतरलं. एक किलो चरबीला ७,७०० कॅलरी धरतात, म्हणून ०.८ गुणिले ७,७०० म्हणजे ६,१६०. याला २८ ने भागा: दिवसाला २२०. रोजचं खाणं सरासरी १,६५० असेल तर खरा खर्च १,८७०. घड्याळ सरासरी २,१५० सांगत होतं. १,८७० भागिले २,१५० म्हणजे ०.८७. यापुढे घड्याळाच्या दिवसाच्या आकड्याला ०.८७ ने गुणा. वजन वाढलं असेल तर तो भाग खाण्यातून वजा करायचा, बाकी रीत तीच.

या गुणकात तुमच्या नोंदीतल्या सवयीच्या चुकाही मुरतात. रोज शंभरेक कॅलरी लिहायच्या राहत असतील तर गुणक तेवढा खाली येतो. म्हणून नोंद ठेवायची पद्धत मध्येच बदलू नका. घड्याळ बदललं, दुसऱ्या हातात घातलं, किंवा वजन पाच किलोने बदललं, तर गुणक नव्याने काढा.

सर्वात जास्त नुकसान होतं ते ‘४०० जळाल्या, म्हणून ४०० खाल्ल्या’ या हिशोबाने. खाण्याचं ॲप घड्याळाला जोडलेलं असेल तर ते व्यायामाच्या कॅलरी आपोआप दिवसाच्या वाट्यात मिळवतं. दिवसाचा वाटा ठरवताना ‘मी रोज भरपूर चालतो’ असं आधीच निवडलं असेल, तर तेच चालणं दोनदा धरलं जातं. एकतर ते जोडणं बंद करा, किंवा ॲपमध्ये ‘बैठं काम’ निवडा. तसंच फोन आणि घड्याळ दोन्ही एकाच आरोग्य ॲपला पावलं पाठवत असतील तर डेटाच्या स्रोतांमध्ये घड्याळ पहिल्या क्रमांकावर ठेवा, म्हणजे पावलं दुप्पट होत नाहीत.

आकडे आठवड्याने एकदाच, एका ठरलेल्या दिवशी बघा. आठवड्याची सरासरी शंभराने इकडे तिकडे झाली तर काही बदलू नका. सलग तीन आठवडे ती दीडशे-दोनशेने खाली असेल, तर आधी चार्जिंगच्या वेळा आणि पट्टा तपासा, मग प्रोफाइलमधलं वजन, आणि त्यानंतर खरोखर चालणं कमी झालंय का ते बघा.